अट क्रमांक सहा

ऑक्टोबरचा पहिला रविवार, सकाळी साडेनऊ. सांगली, आमच्या हळदीच्या पेढीच्या माडीवरची खोली.

हजर: आप्पा, म्हणजे माझे सासरे, अध्यक्ष. माझे यजमान, विश्वस्त. प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक, सल्लागार. साताऱ्याहून आलेली संशोधक मुलगी. मी, चिटणीस. गैरहजर: कोणी नाही.

बैठकीचं इतिवृत्त मी त्याच दुपारी लिहून काढलं. काम शिळं ठेवणं मला जमत नाही. त्यात आठ ओळी आहेत आणि आठही खऱ्या आहेत. त्या आठ ओळींत जे बसलं नाही, ते वर्ष होत आलं तरी माझ्या मागे आहे. ते आता इथे लिहिते.

आधी निधी कसा सुरू झाला ते. माझ्या सासूबाई पाणी गाळून घ्यायच्या. आमच्या जुन्या जैन घरांत रीत अशी की पाणी दुहेरी कापडातून गाळायचं आणि मग ते कापड उलटं करून ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत हळूच खंगाळायचं. कापडाला अडकलेले बारीक जीव आपल्या पाण्यात परत गेले पाहिजेत. दुसऱ्या विहिरीत नाही, मोरीत तर नाहीच. घरात नळ आला तेव्हा सगळ्यांना आनंद झाला आणि सासूबाईंना प्रश्न पडला, आता कापड खंगाळायचं कुठे? नळातून पाणी येतं, परत जात नाही. शेवटी त्यांनीच ठरवलं, नळाचं पाणी कृष्णेचं, तर परत कृष्णेत. रोजचं ते खंगाळलेलं पाणी एका तांब्यात जमा व्हायचं आणि यजमानांनी ते स्कूटरवरून घाटावर नेऊन सोडायचं. ते म्हणायचे, "आई, एवढी मंडळी रोज नदीला जातात, पास काढून देऊ का यांना?" सासूबाई हसायच्या, पण तांब्या हातात द्यायच्याच.

त्या गेल्यावर त्यांच्या नावाने दान कशाला द्यायचं याची मी यादी केली. वसतिगृह, दवाखाना, मंदिराचं छत, पाणपोई. आप्पांनी यादी वाचली, चष्मा काढला.

"हे सगळं दिसतंय लोकांना. त्याला देणारे मिळतील," ते म्हणाले. "जे जीव कुणाच्या नजरेतच येत नाहीत, त्यांच्याकडे बघत बसणारी माणसं असतील की कुठंतरी. त्यांना द्या."

यजमानांच्या ओळखीचे प्राध्यापक होते, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आहेत ना. वाघावर काम करायला पैसे मिळतात. गोगलगाय, गांडूळ, खेकडा यांच्यावर काम करणारी पोरं ट्यूशन घेऊन एसटीची तिकिटं काढतात."

असा आमचा छोटा निधी सुरू झाला. नियमांचा कागद मी केला. पेढीचे करार, पावत्या, भाडेपट्टे सगळं मीच बघते, त्यामुळे कुठे फट राहील ते मला चटकन दिसतं. नऊ अटी लिहिल्या. सहावी अशी होती: 'संशोधनकार्यात कोणत्याही जीवाची हत्या, इजा वा बंदी होणार नाही.' आधी फक्त 'हत्या' लिहिलं होतं. मग वाटलं, उद्या कोणी म्हणेल की मारलं नाही, नुसता पाय तोडला. म्हणून 'इजा'. मग वाटलं, कोणी डब्यात कोंडून मरेपर्यंत वाट बघेल. म्हणून 'बंदी'. तिन्ही शब्द एका ओळीत बसले तेव्हा मला बरं वाटलं होतं, हे मला नीट आठवतं.

ही अट घाल असं मला कोणी सांगितलं नव्हतं. आप्पा सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, चालताना मुंगी बघून पाय टाकतात. त्यांच्या पैशातून जीव मरता कामा नये, हे मला इतकं उघड वाटलं की विचारायचं सुचलंच नाही. प्राध्यापक एवढंच म्हणाले, "सहावी जरा कडक आहे हो." मी म्हटलं, "घरच तसं आहे, सर." त्यांनी पुढची अट वाचायला घेतली. आप्पांनी कागद वाचला आणि सही केली. त्यांना वाटलं, शास्त्रज्ञांच्या जगात असंच असत असेल.

पहिल्याच वर्षी या मुलीचा अर्ज आला. वय अठ्ठावीस, साताऱ्याजवळच्या गावची, आई अंगणवाडीत, वडील नाहीत. विषय: साताऱ्याच्या वरच्या सड्यावरचा एक लहान खेकडा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं पठार. पावसाळ्यात तिथल्या खळग्यांत पाणी साठतं. अशाच एका मोठ्या खळग्यात हा खेकडा राहतो, बोटाच्या पेराएवढा, पाठ जांभळट, नांग्या नारिंगी. तिच्या मते तो आजवर कोणी नोंदलेला नव्हता. त्याला नाव मिळवून द्यायचं, हे तिचं काम.

मुलाखतीनंतर ती आमच्याकडे जेवायला थांबली. मी वाढत होते. ती पानाकडे बघून म्हणाली, "ताई, आधीच सांगून टाकते, आमच्या घरी खेकड्याचा रस्सा होतो. आईला तुमची सहावी अट वाचून दाखवली तर ती हसत सुटली. म्हणाली, बया, खेकडा न मारता खेकड्यावर शिकणार, मग खेकडा तुला शिकवणार का?"

आप्पाही हसले. मीही हसले. ती अट ठेवायची की बदलायची, हा विषय त्या वेळी निघाला नाही. तिने सही केली.

पहिल्या पावसाळ्यात मी सड्यावर गेले होते. निधी दिला की जागा बघून यायची, ही माझी पद्धत. सोबत काय काय न्यायचं त्याची यादी केली होती आणि त्यात जळवांसाठी मीठ नव्हतं, म्हणजे होतं, पण मीच खोडलं होतं. पायथ्याच्या गावातले एक निवृत्त सुभेदार तिला वाट दाखवायचे. सत्तरीचे, सडपातळ, डोक्याला रुमाल. ते पुढे चालत होते आणि मागे वळून न बघता बोलत होते.

"आवं ताई, ह्या पोरीला म्या इचारलं, तुजं नेमकं काम काय? म्हनली, बगायचं. म्हनलं, बगून झाल्यावं? म्हनली, परत बगायचं! सीमेवर आमी बी हेच केलं, पर आमाला बंदूक तरी व्हती."

"आणि सुभेदार, तुमचे ते वीस खेकडे सांगा की ताईंना," मुलगी म्हणाली.

"ते मोठं, वड्यातलं. परवाच्या पावसात धरलं, मंडळीनं लय झ्याक रस्सा केला. ह्यो खायच्या कामाचा न्हाई. ह्याला कवा कुनी इचारलंच न्हाई, म्हून तर राहिला."

खळग्याच्या काठाला ती पालथी झोपली आणि मलाही झोपायला लावलं. पाण्यात एक दगड, दगडाखाली फट, फटीतून दोन डोळे वर आले. मग नारिंगी नांगी. तिने माझ्या दंडाला धरलं होतं, मी हलू नये म्हणून. आम्ही तशा अर्धा तास पडून राहिलो असू. माझ्या घड्याळात पाणी गेलं. मला तेव्हा सासूबाईंचा तांब्या आठवला आणि वाटलं, आप्पांनी बरोबर जागी पैसे दिले.

अडचण दुसऱ्या पावसाळ्यात समोर आली. प्राण्याला नाव द्यायचं तर त्याचा एक अख्खा नमुना जपून ठेवावा लागतो, आणि खेकड्यात तो पूर्ण वाढलेला नरच लागतो. पुढे कोणालाही तपासून बघता यावं म्हणून. फोटो चालत नाही. तिने अटीत राहून जमेल ते सगळं केलं. खेकडा वाढताना अंगावरचं जुनं कवच टाकतो, तशी टाकलेली कात ती गोळा करायची. नखाएवढी, पातळ. ती औषधाच्या गोळ्यांच्या लहान डब्यांत कापसावर ठेवायची आणि वर तारीख, वेळ, पाण्याची खोली लिहायची. एकदा भांडणात तुटून पडलेला पाय मिळाला. तो प्रयोगशाळेत तपासला. उत्तर आलं, हा खरोखरच वेगळा आहे. तिने मला फोनवर ते तीनदा सांगितलं. मेलेली एक मादीही मिळाली. मेलेला नर मात्र मिळेना, कारण तिथे काही मेलं की तासाभरात दुसरं कोणी खाऊन टाकतं.

तेव्हाच तिने विचारलं. पेढीवर गर्दीचा दिवस होता, हळदीचे सौदे चालू होते, मी एका कानाला फोन धरून पावती लिहीत होते.

"ताई, एकच नर लागेल. एकच. सुभेदार म्हणतात, माझी कुठं सही हाय, मी देतो धरून. ते चालेल का?"

मी लगेच उत्तर दिलं. ते मला पाठ होतं. "अगं, स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान्यता देणं, आमच्याकडे तिन्ही सारखंच."

ती म्हणाली, "बरं ताई. अजून एक पावसाळा आहे. मिळेल मेलेला."

"आप्पांना विचारून बघते" असं मी म्हणू शकले असते. आप्पा पलीकडच्या गादीवर बसले होते, दहा पावलांवर. मी वहीत लिहिलं, 'खेकडा: शंका विचारली, निरसन केलं.' आणि पुढे बरोबरची खूण केली.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात तिचा फोन आला तेव्हा ती धापा टाकत होती. सड्याचा तो तुकडा खासगी मालकीचा होता. मालकाने तंबूंचं रिसॉर्ट काढायला घेतलं होतं आणि गाड्या लावायला जागा हवी म्हणून खळगे मुरमाने भरायला सुरुवात केली होती. ती जेसीबीसमोर उभी राहिली नाही. तसली ती नाही. ती कागद घेऊन कचेऱ्यांत फिरली. एका कचेरीतल्या वयस्क अधिकाऱ्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, फोटो बघितले. मग अर्जातल्या एका रकान्यावर पेन ठेवून म्हणाले, "बाळ, इथं प्रजातीचं नाव लिहायचं असतं. मी काय लिहू? एक खेकडा?"

उन्हाळ्यात हे खेकडे खळग्याच्या तळाशी बिळात असतात. पावसाची वाट बघत. मुरूम त्यांच्यावर पडला.

जूनमध्ये, जुलैमध्ये, ऑगस्टमध्ये ती आणि सुभेदार आसपासचे सगळे खळगे शोधत फिरले. मला ती दर रविवारी एकच शब्द पाठवायची: 'नाही.' मी ते वहीत उतरवत गेले, तारीखवार. त्याशिवाय काय करायचं मला कळत नव्हतं.

आता त्या ऑक्टोबरच्या बैठकीकडे येते. तिने अहवाल वाचला. आवाज सरळ होता. वाचून झाल्यावर पिशवीतून अकरा डब्या काढून टेबलावर एका ओळीत मांडल्या. आप्पांनी एक उघडली. त्यांना आता बारीक दिसत नाही, म्हणून त्यांनी ती कात तळहातावर घेतली.

"याला वजनच नाही," ते म्हणाले. "आत कोण आहे?"

"कोणी नाही, आप्पा. हे त्याने टाकलेलं आहे."

"आणि तो?"

तिने सांगितलं. आप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग विचारलं, "नाव असतं तर थांबलं असतं?"

"सांगता येत नाही. पण भांडायला कागद झाला असता."

"मग नाव का नाही दिलं?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नमुना नव्हता. सहावी अट आहे ना."

"ती अट कुणाची?"

प्राध्यापक खिडकीकडे बघायला लागले. यजमान माझ्याकडे. मी म्हटलं, "तुमच्यासाठीच घातली होती, आप्पा."

"माझ्यासाठी," ते म्हणाले. "मला विचारलं होतंस?"

त्यांनी कात परत कापसावर ठेवली आणि डबीचं झाकण लावलं.

"शेतात नांगर घालतो, हळद शिजवतो, तवा किती जीव जातात याची मोजदाद न्हाई," आप्पा म्हणाले. फार जुन्या गोष्टी बोलताना त्यांची भाषा गावाकडे जाते. "त्याचं प्रायश्चित्त घेतो आपण. या एकाचं बी घेतलं असतं. किंवा 'नको' म्हणालो असतो. आज मला न्हाई सांगता येत. पर ते माझ्या वाट्याचं होतं गं. तू परस्पर उरकलंस."

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला बरं झालं असतं.

जिन्यात मी तिला गाठलं. तिच्या पिशवीत फक्त पाण्याची बाटली राहिली होती, डब्या तिने टेबलावरच ठेवल्या होत्या. ती म्हणाली, "ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी एक नर ठेवून 'मेलेला सापडला' म्हटलं असतं तर तुम्हाला कुठे कळणार होतं?"

"मग का नाही म्हटलंस?"

"सही केली होती ना," ती म्हणाली आणि चपला घालायला वाकली.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी पान बाजूला सारलं. उपवास. डॉक्टरांनी त्यांना उपवास बंद केले आहेत, गोळ्यांची वेळ मी तक्त्यात लिहून भिंतीला लावली आहे, त्या तक्त्याकडे त्यांनी बघितलंही नाही. फक्त म्हणाले, "आजचा दिवस राहू दे." कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. संध्याकाळी त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की यजमानांनी खुर्ची ओढून त्यांच्या तोंडाजवळ कान नेला.

त्या मुलीची निधीची तीन वर्षं संपली. ती आता मलकापूरला एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. डब्या माझ्या कपाटात आहेत, वरच्या कप्प्यात, पेढीच्या शिक्क्यांशेजारी.

नव्या वर्षाचे अर्ज मागवायचे म्हणून मी अट सहा पुन्हा लिहायला घेतली. 'अनावश्यक हत्या' लिहिलं. अनावश्यक कोण ठरवणार? खोडलं. 'अध्यक्षांच्या लेखी परवानगीने' लिहिलं. म्हणजे मग शंभर वेळा आप्पांनी उपवास करायचे का? तेही खोडलं. तिसरा मसुदा आप्पांना वाचून दाखवला. दुपारची वेळ होती, ते झोपाळ्यावर होते. ऐकून म्हणाले, "पुन्हा मलाच विचारतेस होय? तीन पावसाळे पालथं पडून कुणी बघितलं? तिला विचार. तिलाही कुणी विचारलं नव्हतं."

"ती आता त्या कामात नाही, आप्पा."

"म्हणून तर विचार."

हे ऐकून आठ महिने झाले. मधल्या काळात पेढीच्या दळणयंत्राच्या कामासाठी मी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत चार वेळा जाऊन आले. मलकापूर वाटेतच लागतं. क्लासची पाटी महामार्गावरून दिसते, पिवळी, दुसऱ्या मजल्यावर. चारही वेळा मी ड्रायव्हरला थांब म्हणाले नाही. एकदा वाटलं, ती शिकवत असेल. एकदा पाऊस होता. उरलेल्या दोन वेळांना कारणसुद्धा नव्हतं.

गेल्या आठवड्यात सुभेदारांचा फोन आला. "आवं ताई, पल्याडच्या डोंगराच्या सड्यावं मला तसलाच एक दिसला बगा. नारिंगी नांगीचा. म्हातारी नजर हाय, पक्कं सांगत न्हाई. पोरीचा नंबर लागंना मला. तुमी सांगा तिला. पाऊस हाय तवर बगाय पायजे, नंतर त्यो खाली जातोय."

मी म्हटलं, सांगते. नंबर माझ्याकडे आहे.

वहीत ओळ लिहिली आहे: 'मलकापूर. पल्याडच्या सड्याचं सांगणे. अट सहा तिच्याकडून लिहून घेणे, तिला हवी तशी.' पुढे चौकोन आखला आहे. पाऊस अजून तीन-चार आठवडे राहील. चौकोन रिकामा आहे.